ईश्वराचे अवधान, पाने तीनशे बारा

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०

या खोलीत मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू:

लिहायचे टेबल, जुन्या दारांच्या लाकडाचे, १४० बाय ७५ सेंटिमीटर, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. पुस्तक उघडे धरणारा स्टँड, पस्तीस अंशांत तिरका. टिपणांच्या कार्डांचे कपाट, अठ्ठेचाळीस खणांचे, प्रत्येक खण एका बोटाने उघडतो. पाय टेकवायचा पाट. पेन्सिलींचा ठोकळा, बारा भोकांचा. दिव्याची शेड. आणि ही रोजनिशी: शिलाई, खळ, पुठ्ठा, कापड, सगळे माझे.

विकत आणलेली वस्तू एकच, बल्ब.

शाळा दहावीला सोडली. पुस्तके बांधायला मला कुणी शिकवले नाही. एक फाटका शब्दकोश पानापानाने उसवला आणि परत शिवला, तसा शिकलो. इंग्रजीही त्याच शब्दकोशातून. बी.ए., एम.ए. बाहेरून. तीस वर्षे बाइंडिंगचे दुकान चालवले, दोन वर्षांपूर्वी बंद केले, ते एवढ्यासाठी: प्रबंध. विषय 'ईश्वराचे अवधान'. ईश्वर एकाच वेळी सगळ्यांकडे लक्ष देत असेल, तर त्याला लक्ष देणे म्हणता येईल का?

वय छप्पन्न. नोंदणीला नऊ वर्षे झाली. मुदतवाढी तीन. शेवटची ३० नोव्हेंबरला संपते, त्यानंतर नोंदणी रद्द, असे धर्मशास्त्र महाविद्यालयाचे पत्र आले आहे. पत्राची घडी वाकडी घातली होती.

बायको आज पहाटेच्या गाडीने लेकीकडे गेली. लेकीला मुलगी झाली, बावीस दिवसांपूर्वी. मीही जाणार होतो, पण प्रबंध झाल्याशिवाय नातीचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले. जाईन तो बांधलेली प्रत हातात घेऊनच. बायको म्हणाली, अहो, तिला अजून वाचता येत नाही. मी म्हटले, मुद्दा तो नाही.

घरात संपूर्ण शांतता. दिवस एक्क्याण्णव, पाने ३१२. (मार्गदर्शक मॅडमचा स्वतःचा प्रबंध ३१० पानांचा आहे.) दिवसाला ३.४३ पाने पडतात. हसत हसत होईल. आधीची ४१ पाने यात धरलेलीच नाहीत, ती वरकड.

फोनचा नियम हिला स्टेशनवरच सांगितला. संध्याकाळी सात वाजता, पाच मिनिटे. स्वयंपाकघरातला टायमर टेबलावर आणून ठेवला आहे.

२ सप्टेंबर

टाइमटेबल आखले. चार रंगांच्या शाया, कडेने दुहेरी रेघ. 'लेखन' हिरव्यात. दुपारी हिरवी शाई संपली. दुकानात गेलो, हवी ती छटा नव्हती. उद्यापासून लेखन.

३ सप्टेंबर

टाइमटेबलला चौकट केली.

४ सप्टेंबर, सकाळी ११.३०

आठला बसलो. ८.२० ला जाणवले की पेन्सिल खिडकीकडे घरंगळते. लेव्हल लावून पाहिली. तीन मिलिमीटरचा उतार. सगळे पाय परत मोजले. टेबल बरोबर आहे, जमीन चुकली आहे. आता जमिनीचे काय करायचे?

८ सप्टेंबर, संध्याकाळी ६

समोरच्या दारातले कॅप्टन येऊन गेले. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते, पण टोपी तशी घालतात, म्हणून अख्खी इमारत त्यांना कॅप्टन म्हणते. सात वर्षे झाली, दुपारी चारला बुद्धिबळाचा पट काखेत मारून येतात. दारातूनच ओरडले, काय बुवा, देव कुठवर आला? मी म्हटले, तिसऱ्या प्रकरणापर्यंत. म्हणाले, गेल्या वर्षीही तिथेच उभा होता की हो. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे, बसायला तरी सांगा.

असल्या विनोदांना मी उत्तर देत नाही. शिष्टाचार म्हणून एक डाव खेळलो. हरलो, कारण डोक्यात प्रबंध होता. हरून उठणे बरे दिसत नाही, म्हणून दुसरा. मग तिसरा.

हे आता बंद व्हायला हवे.

९ सप्टेंबर

दारासाठी पाटी केली. 'अभ्यास चालू आहे. कृपया बेल वाजवू नये.' अक्षरे लाकडात कोरून वर सोनेरी वर्ख. दिवस गेला, पण ही गुंतवणूक आहे.

१० सप्टेंबर, दुपारी ४.०५

बेल वाजली. कॅप्टन. म्हणाले, पाटी फार सुरेख झाली हो, तेवढंच सांगायला आलो. मी म्हटले, वाचलीत ना? म्हणाले, वाचली म्हणून तर आलो.

मग मी जरा स्पष्ट बोललो. नऊ वर्षांच्या कामाची ज्यांना थट्टा सुचते त्यांनी आपला पट आपल्या घरी मांडावा, असे काहीसे. कॅप्टननी टोपी काढली, परत घातली, आणि गेले.

११ सप्टेंबर

चारला बेल वाजली नाही. उत्तम. खात्री करून घ्यायला साडेचारपर्यंत थांबलो.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०६

हिने आज फोन नातीच्या तोंडाशी धरला. पोरगी चार मिनिटे नुसती श्वास घेत होती. विषयाला धरून काहीही नाही. पाचव्या मिनिटाला शिंकली. तेवढ्यात टायमर वाजला, मी ठेवून दिला. नियम म्हणजे नियम.

शिंक मात्र स्वच्छ ऐकू आली. लाइन चांगली होती.

१८ सप्टेंबर

महाविद्यालयाचे नियमपत्रक नीट वाचले. तीन प्रती, गडद निळे कापड, कण्यावर सोनेरी अक्षरांत शीर्षक, नाव, वर्ष.

बाकीचे विद्यार्थी आधी लिहितात आणि शेवटच्या दिवशी बाइंडरकडे धावतात. तीस वर्षे मी त्यांची घामेजलेली तोंडे पाहिली आहेत. काका, उद्या सकाळी द्या ना. काका, पाया पडतो. कण्यावरची अक्षरे अशा घाईत तिरकी जातात आणि जन्मभर तिरकीच राहतात. माझ्यावर ती वेळ येणार नाही. मी आधी बांधणी करून ठेवतो. मजकूर काय, येईलच.

हिशेब: एका बाजूला छपाई, कागद ३१२, शंभर ग्रॅमचा. एकाची जाडी ०.१२ मिलिमीटर. वर आतले दोन कोरे कागद. कणा ३८ मिलिमीटर.

२९ सप्टेंबर

तिन्ही कव्हरे पूर्ण. कणा किंचित गोल, हातात घेतला की तळव्यात बसतो. अक्षरांचा वर्ख दोनदा दिला. शीर्षक, खाली माझे नाव, खाली वर्ष. टेबलावर उभी करून लांबून पाहिली, मग जवळून, मग परत लांबून. जन्मभरातले सर्वोत्तम काम. कुणाला तरी दाखवावे असे वाटले. दारापर्यंत गेलो होतो.

प्रगती: बांधणी १०० टक्के. लेखन ४३ पाने, म्हणजे साधारण १४ टक्के. सरासरी ५७. निम्म्याच्या वर आलो.

३ ऑक्टोबर

मॅडमनी बोलावले होते. अडतीस वर्षांच्या आहेत. पहिल्या वर्षी मला काका म्हणत. मी सांगितले, इथे मी विद्यार्थी आहे, काका नव्हे. तेव्हापासून काहीच म्हणत नाहीत, 'हे पाहा' असे सुरू करतात.

हे पाहा, म्हणाल्या, तिसरं प्रकरण कुठं आहे? मी म्हटले, आकार घेते आहे. म्हणाल्या, नऊ वर्षं आकारच घेतंय. तुमचं दुसरं प्रकरण वाचण्यात गुंगून माझी बस चुकली होती, माहीत आहे? तीनशे पानं कुणी मागितली तुमच्याकडे? शंभर लिहा, पण लिहा, आणि बांधायच्या आधी मला दाखवा.

मी म्हटले, कणा अडतीस मिलिमीटरचा झालेला आहे.

त्यांना काही कळले नाही. त्या क्षेत्रातल्या नाहीत.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.०५

हल्ली हीसुद्धा तिकडे टायमर लावते. आज तिचा आधी वाजला. म्हणाली, चला, तुमचा वेळ घेत नाही. माझ्या टायमरवर अजून दहा सेकंद होते. ते वापरले गेले नाहीत.

१६ ऑक्टोबर

बायको म्हणाली, रोज रोज तुमची तंद्री मोडायला नको, आपण रविवारीच बोलू. शिवाय तिला संध्याकाळी वेळ नसतो. लेकीच्या इमारतीतल्या बायकांबरोबर ती फिरायला जाते. मागून कुणीतरी हाक मारत होते, चला की हो, किती नटताय! आणि ही हसत होती. तीस वर्षांत ही फिरायला गेलेली मला आठवत नाही. (मी विचारले नव्हते हेही खरे. दुकान असे.)

रविवारचे ठरले. अगदी माझ्या मनातले बोलली. मनात आले नव्हते, पण आले असते तर हेच आले असते.

१७ ऑक्टोबर

टायमर रिकामा पडून राहतो म्हणून अंड्याला लावला.

१८ ऑक्टोबर

अंडे.

२४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

समोर हसण्याचा आवाज. दाराच्या भिंगातून पाहिले, केवळ आवाजाचे कारण कळावे म्हणून. कॅप्टनचे दार सताड उघडे. खालचा औषधवाला त्यांच्याशी बुद्धिबळ खेळतो आहे. औषधवाला घोडा अडीच घरांऐवजी वाट्टेल तसा पळवतो. कॅप्टन म्हणाले, पळव रे बाबा, घोडा तुझा, गवत तुझं. मला सात वर्षांत एक प्यादे कधी मागे घेऊ दिले नाही.

भिंगातून माणसे गोल दिसतात. वीस मिनिटे पाहिले तर मान आखडते.

२५ ऑक्टोबर

पाटीचा स्क्रू सैल वाटला. पाटी दुरुस्तीला काढली. काही दिवस निघालेलीच राहू दे, लाकडाला हवा लागायला हवी.

२६ ऑक्टोबर, दुपारी ४

दार किलकिले ठेवले. खोलीत हवा खेळती राहते, एकाग्रतेला बरे.

२७ ऑक्टोबर, दुपारी ४

हवा खेळती.

३० ऑक्टोबर

कॅप्टन जिन्यात भेटले. टोपीला हात लावला. मी आपणहून सांगितले, प्रबंध अगदी संपत आला. म्हणाले, वा वा. मग आता त्रास देत नाही.

बरोबरच आहे. समजूतदार माणूस.

२ नोव्हेंबर, रविवार

हिच्या फोनची वाट पाहण्यात सकाळ जाऊ नये म्हणून सकाळीच वाट पाहायला बसलो, म्हणजे संध्याकाळ मोकळी राहील. फोन संध्याकाळी आला.

५ नोव्हेंबर, सकाळी १०

सहा पाने! सलग, साडेसहा ते पावणेदहा. चहासुद्धा नाही.

दोन माणसे जवळ असतात आणि त्यांतले एक काहीच बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. त्या श्वासावरून दुसऱ्याला कळते की आपण एकटे नाही. ईश्वराचे लक्ष असेल तर ते असेच असावे, उत्तर देणारे नव्हे, फोन न ठेवणारे. असे लिहून गेलो. वाचून पाहिल्यावर खोडले, कारण संदर्भ कुठला देणार? एकाही जुन्या आचार्याने फोनचा उल्लेख केलेला नाही.

मग परत लिहिले. फुटनोटेत घातले: 'प्रस्तुत अभ्यासकाचे निरीक्षण.'

८ नोव्हेंबर

आणखी अकरा पाने. ही गती राहिली तर ३१२ पुढच्या जानेवारीपर्यंत सहज. मुदत तीस तारखेची आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७.३०

ही म्हणाली, अहो, खरंच सांगा, किती पानं झाली?

मी म्हटले, तीनशे बारा.

कणा तेवढाच आहे, त्यामुळे खोटे म्हणता येणार नाही.

ही तिकडे ओरडली, अगं ए, बाबांचं झालं! लेक धावत आली, बाबा, खरंच? शपथ? जावई फोनवर आले, एक तारखेचं तिकीट काढू का, सकाळी दहा चाळीसची गाडी आहे. मी म्हटले, काढा. मग हीच परत बोलत बसली. पोरीचे केस कसे आहेत. पोरीला अंघोळ कशी आवडत नाही. तुम्ही नीट जेवताय ना, आवाज बारीक लागतोय. मला वाटलं होतं तुम्ही काही येत नाही आता, म्हणाली.

टायमर लावायला विसरलो. बावीस मिनिटे.

१० नोव्हेंबर

पाने ६७. एकवीस दिवसांत २४५ लिहायची. दिवसाला ११.६७. अशक्य नाही.

१६ नोव्हेंबर

पाने ७९. पोरीसाठी खुळखुळा करतो आहे, लाकडी, आत बिया. हा ब्रेक मानसशास्त्रीय दृष्ट्या आवश्यक असतो.

२३ नोव्हेंबर

पाने ९४. निष्कर्ष लिहून झाला. खरे सांगायचे तर आता सांगण्यासारखे काही उरले नाही.

समास वाढवला, ओळींतले अंतर वाढवले, १२७ झाली. पण पान असे दिसायला लागले की दुकानात कुणी आणले असते तर मी परत पाठवले असते. पूर्ववत केले. ९४.

२४ नोव्हेंबर

चौऱ्याण्णव पाने कव्हरात घालून पाहिली. थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी दिसतात. हलवले की आत खडखड.

उपाय एक: नवीन कव्हरे. कणा अकरा मिलिमीटर, दोन दिवसांचे काम. पण अकरा मिलिमीटरवर शीर्षक आडवे बसत नाही, उभे लिहावे लागते. उभे शीर्षक असलेले पुस्तक पाहायला मान वाकडी करावी लागते. नऊ वर्षांच्या कामाकडे मान वाकडी करून कुणी पाहिलेले मला चालणार नाही.

उपाय दोन: मागे तोच कागद घालायचा, कोरा. पाने ९५ ते ३१२. वाचकाच्या चिंतनासाठी. विषय पाहता हे मजकुरापेक्षा खोल आहे. जितका विचार करतो तितके पटत जाते. मॅडमना दाखवत बसलो तर चर्चा होईल, चर्चेला वेळ नाही.

२७ नोव्हेंबर

कोरी पाने क्रमांकाशिवाय ठेवली तर हलगर्जीपणा वाटेल. पावती पुस्तकांवर आकडे उमटवायचे हातयंत्र दुकानातून आणले होते, ते माळ्यावरून काढले. २१८ गुणिले तीन, ६५४ आकडे. एकही वाकडा नाही.

२९ नोव्हेंबर, दुपारी १

दाखल!

खिडकीवरच्या बाईंनी कव्हरावरून हात फिरवला. म्हणाल्या, अहो, बारा वर्षं बसते इथं, असा प्रबंध आला नाही. वजन तरी केवढं! शेजारणीला हाक मारून दाखवला. उघडला नाही, उघडायचे धाडस झाले नसावे. मॅडमची सही राहिली होती. बाई म्हणाल्या, सहीचं पान नंतर लावा. त्या पानासाठी मी दोन सेंटिमीटरची पट्टी आतून आधीच सोडलेली आहे. बाई म्हणाल्या, हे कुणाला सुचतं हो.

पोच घेतली. तारीख, वेळ, शिक्का. घरी येताना जिना दोनदोन पायऱ्यांनी चढलो.

३० नोव्हेंबर

बॅग भरली. चार शर्ट, खुळखुळा, माझी प्रत दोन टॉवेलांत गुंडाळून. गाडी उद्या १०.४०.

१ डिसेंबर, सकाळी ९

मॅडमचा फोन. उद्या अकराला या. आवाज तुटक होता, भावनावश झाल्या असाव्यात.

हिला कळवले, ऑफिसचे किरकोळ काम, दोन दिवस उशीर. म्हणाली, बरं, पण स्टेशनवर आम्ही सगळे येणार होतो. तिकीट रद्द केले. बॅग उघडली नाही.

२ डिसेंबर, दुपारी ३

टेबलावर माझा प्रबंध होता, पान ९५ वर उघडलेला. मॅडम पाने उलटत गेल्या. ९६. ९७. दीडशेपर्यंत एकेक. मग थांबल्या.

हे पाहा, हे काय आहे?

मी चिंतनाबद्दल सांगितले.

छाननी समितीने प्रबंध परत केला आहे. शेरा: मजकूर अपूर्ण, पाने २१८ कोरी. मुदत संपली, नोंदणी रद्द. मॅडम म्हणाल्या, मी तासभर भांडले त्यांच्याशी. नियम कमीत कमी नव्वद पानांचा आहे. तुम्ही चौऱ्याण्णव आणली असतीत ना, वहीला लावतात तसला दोरा लावून आणली असतीत, तरी मी त्या खिडकीत उभी राहून सही केली असती. पण हे आकडे घातलेले! तुम्हीच लिहून दिलंत की इथं मजकूर असायला हवा होता आणि तो नाही.

मी म्हटले, चौऱ्याण्णवाला कणा अकरा मिलिमीटर येतो.

त्यांनी मागे जाऊन पान ५४ काढले आणि मोठ्याने वाचले, श्वासाचे. मध्येच थांबून पाणी प्यायल्या. म्हणाल्या, काका, हे लिहिणाऱ्या माणसाला एवढं कसं कळलं नाही? मला एक फोन का नाही केलात?

मी काका म्हणू नका असे म्हटले नाही. विषय दुसरा चालू होता.

३ डिसेंबर

समितीत एकही बांधणीतला जाणकार नाही हे उघड आहे. निषेधाचे पत्र लिहायला घेतले. सुंदर जमते आहे. चार पाने झाली.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ७.१५

हिला सांगितले. सगळे. चौऱ्याण्णवसुद्धा.

तिकडे आवाज नाही. टायमर नव्हता, पण भिंतीवरचे घड्याळ दिसत होते. अकरा सेकंद. मग म्हणाली, अहो, मग या ना. प्रबंध नाही तर नाही, आम्ही काय प्रबंधाची वाट बघत होतो का? पोरगी आता माणूस ओळखून हसायला लागली आहे.

मी म्हटले, असा रिकाम्या हाताने येणार नाही. नव्याने नोंदणी करतो. पाया तयार आहे, पुढच्या तीन वर्षांत नक्की.

बरं, म्हणाली.

मग म्हणाली, लेक मला इथंच राहा म्हणते. मी हो म्हटलंय. तुमची खोली मोकळी ठेवलीये, पण तुम्ही तुमच्या सवडीनं या. तिकडे शांतता असली की तुमचं चांगलं होतं.

चार मिनिटे दहा सेकंद. फोन तिने ठेवला.

८ डिसेंबर

बॅग रिकामी केली. शर्टांना घड्या पडल्या होत्या.

११ डिसेंबर, दुपारी २

प्राचार्यांनी बोलावले. फेरविचार असणार म्हणून निषेधाचे पत्र, आता नऊ पानी, बरोबर नेले. द्यायची वेळ आली नाही.

टेबलावर माझी प्रत मिटलेली होती आणि प्राचार्य कण्यावरून अंगठा फिरवत होते. ग्रंथालयाखाली पुस्तकदुरुस्तीची खोली आहे. दोन जण काम करतात, तिसरा हवा आहे. नाव मॅडमनी सुचवले. त्या दाराशी उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. प्राचार्य म्हणाले, आमची शंभर-शंभर वर्षांची पुस्तकं मरायला टेकली आहेत हो, तुमच्यासारखा हात कुठून आणू? शिवाय ग्रंथालय तुम्हाला खुलं, वाचा हवं तेवढं, अडलं की मॅडम वरच्या मजल्यावर आहेतच. जागा आठवडाभर ठेवतो, सावकाश सांगा.

मी म्हटले, आठवड्याची गरज नाही. मी संशोधक आहे, मला वेळ नाही.

बाहेर पडताना जिना चुकलो आणि त्या खोलीवरूनच आलो. दार उघडे होते. एकाने जाड पुस्तक छातीशी दाबून धरले होते, दुसरा दोरा ओढत होता, आणि पहिला म्हणत होता, अरे हळू, पुस्तक शिवतोयस की मला? दोघेही हसत होते. दोरा ओढणाऱ्याची पद्धत चुकीची होती, गाठ आतून घ्यायला हवी. सांगणार होतो. त्याने वर पाहिले, म्हणाला, या ना, कुणी हवंय का? मी म्हटले, नाही, कुणी नाही.

नाकारलेले काम, नोंदीसाठी: पुस्तकबांधणी, अकरा ते पाच, आठवड्याला एक सुटी, तिघांचे एकच मोठे टेबल, दुपारचा चहा त्यांच्याकडून. दरमहा चौदा हजार पाचशे.